गायकाची घोर आणि ध्वनिमुद्रिकेचे मोल

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी ज्या बराकी उभारल्या गेल्या, त्यांत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पांचे क्रमांक मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले, आणि कॅम्प १ हा आजही पत्त्याचाच भाग आहे. घरदार व शेतीवाडी सिंधमध्येच सुटली. बरोबर आणता आली ती भाषा आणि गाणी.

या गाण्यांत 'भगत' या प्रकारास मोठा मान होता. पायघोळ जामा व पायांत घुंगरू अशा वेषात भगत रात्र रात्र गात, नाचत व कथा सांगत असे. त्यास तिकीट नसे. श्रोते गाण्याच्या मध्येच उठून यथाशक्ति पैसे देत. त्यास सिंधीत 'घोर' म्हणतात. मराठीत घोर म्हणजे काळजी. गाण्यावर पोट असलेल्याला हे दोन्ही अर्थ ओळखीचे असावयाचेच! भगत कंवरराम (१८८५–१९३९) यांची कीर्ति अशी की, मिळालेली घोर ते गोरगरिबांत वाटून टाकीत.

गाण्याचे मोल श्रोत्याने ठरवावे, ही या प्रथेची रीत. ध्वनिमुद्रिकेने ती पालटली. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरला. तेव्हापासून गाणे सुमारे तीन मिनिटांच्या मापात बसू लागले व त्याची किंमत दुकानात ठरू लागली. तबकडी काढण्यास यंत्रे, कारखाना व दुकानदार लागत. साहजिकच भाव कंपनीच्या हाती गेला. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीच्या 'यंग इंडिया' या मुद्रेने १९३५ पासून अप्रसिद्ध गायकांनाही तबकडीचे दार उघडले, तरी किंमत ठरविणे हे गायकाचे काम झाले नाही.

ते काम त्याच्याकडे आणले कॅसेटने. १९८० नंतरच्या दशकात थोड्या भांडवलात कॅसेट काढता येऊ लागली. परंतु त्याच सुमारास टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्ताईचा मार्ग धरला. प्रत्येक प्रतीमागे नफा थोडा, पण प्रती अगणित, असा हा हिशेब होता. कंपनीस तो साधला. एकट्या गायकास साधेल काय?

येथेच विचार करावयास हवा. समजा, एखाद्या सिंधी गायकाने स्वखर्चाने गीतसंग्रह काढला. ध्वनिमुद्रण, तबलजी, हार्मोनियमवाला, मुखपृष्ठ असा खर्च ४०,००० रुपये झाला, आणि भरवशाचे श्रोते ४०० आहेत. तर प्रत्येकी १०० रुपये हा त्याचा तळ. विक्रेत्याची अडत त्याहून निराळी. किंमत २० रुपये ठेवली, तर २,००० गिऱ्हाइके हवीत. ज्या भाषेचे श्रोतेच मोजके, तिच्यात ती स्वस्ताईने निर्माण होत नाहीत. भाव उतरविल्याने गायक बुडतो, श्रोतृवर्ग वाढतोच असे नाही.

कायद्याचाही खर्च धरावा लागतो. शाह अब्दुल लतीफ किंवा सामी यांची वाणी जुनी. तिला स्वामित्वशुल्क नाही. अलीकडच्या कवीचे शब्द घेतले, तर हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दुसऱ्याचे ध्वनिमुद्रित गाणे नव्याने गावयाचे, तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या मुद्रणास ५ वर्षे व्हावी लागतात आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे शुल्क भरावे लागते. ज्या भाषांचा प्रसार मर्यादित, त्यांच्यासाठी हा आकडा कमी करण्याची तरतूद कायद्यातच आहे. सिंधी गायकाने ती अवश्य ध्यानी ठेवावी.

मग वरची मर्यादा कोणती? ऑक्टोबर २००७ मध्ये इंग्लंडातील रेडिओहेड या वाद्यवृंदाने आपला नवा संग्रह 'वाटेल ते द्या' असे सांगून इंटरनेटवर ठेवला. जगाने त्यास नवलाई मानले. सिंधी श्रोत्यास ती घोरच वाटली असती. मात्र त्याच संग्रहाची सुबक पेटी त्यांनी ४० पौंडांस विकली, आणि त्यांच्यामागे जगभरचा श्रोतृवर्ग आधीच उभा होता, हे विसरून चालणार नाही.

स्वतंत्र गायकाने म्हणून तळ हिशेबाने ठरवावा व माथा मोकळा सोडावा. ज्याला अधिक देणे आवडेल त्याला देऊ द्यावे. त्याचे नाव घेऊन आभार मानावेत. कंपनीचे बळ संख्येत असते, गायकाचे जवळिकीत. राहिला प्रश्न फुकट वाटण्याचा. कंवररामांनी दिले ते स्वतःला मिळालेले. गायकाने आपला वाटा खुशाल द्यावा; पण रात्रभर ढोलक वाजविणाऱ्याचा वाटा देऊन टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. त्याची मजुरी चुकती झाल्यावर जे उरेल, तेथूनच औदार्याचा आरंभ होतो.