दुखण्याआधीची मात्रा

माझ्या आईच्या अखेरच्या आजारपणाचा हिशेब एका भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानांवर आहे. दुधाच्या रतिबाचे खाडे जिथे मांडतात, तिथेच मी तिच्या इंजेक्शनच्या वेळा लिहीत होतो. तिला पोटाचा कर्करोग झाला होता आणि आता करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. केसपेपरवर वेदनाशामकाच्या नावापुढे तीन अक्षरे होती : एसओएस. म्हणजे ‘लागले तर’. आई विव्हळू लागली की मी सिस्टरना बोलवायला धावायचो. सिस्टर म्हणायच्या, "दादा, आत्ताच तर दिलंय. थोडं सोसू द्या त्यांना. नाहीतर सवय लागेल."

त्या सिस्टर दुष्ट नव्हत्या. त्याच रात्री दोनदा येऊन त्या आईची कूस बदलून गेल्या, पाठीशी उशी लावून गेल्या, कोरडे पडलेले ओठ ओल्या कापसाने पुसून गेल्या. त्यांना जे शिकवले होते तेच त्या मला सांगत होत्या. पण ‘थोडं सोसू द्या’ हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. ते कुठून आले, आणि त्याच्या उलट कोणी काही म्हटले होते का, याचा शोध घेण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली. मी वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, खतावण्या तपासण्यात हयात गेलेला माणूस. योगायोग असा की, या प्रश्नाचे उत्तरही मला एका अर्थी खतावणीतच सापडले.

मॉर्फिन हे औषध काही नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्यांच्या हाताखालच्या तरुणाने ते अफूपासून वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याचे नाव ठेवले. १८५० च्या दशकात त्वचेखाली टोचायची पिचकारी आली आणि मॉर्फिनचा वापर वाढला. तसे त्याचे व्यसन लागलेल्यांचे किस्सेही वाढले. तेव्हापासून औषध आणि भीती हातात हात घालून चालत आली आहेत. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विलायतेतील मोठमोठ्या रुग्णालयांतही रीत अशी होती की, रुग्णाने आधी दुखणे सिद्ध करायचे आणि मग सुई मिळवायची. औषध कपाटात असे. ते केव्हा द्यायचे, हा खरा प्रश्न होता. म्हणून वेदनाशमनाचा इतिहास हा औषधाच्या शोधाचा इतिहास कमी आणि वेळेच्या शोधाचा अधिक आहे, असे माझे मत झाले आहे.

या वेळेच्या प्रश्नाकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते एका परिचारिकेने. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातातला दिवा आठवतो. पाठ्यपुस्तकांनी त्या दिव्यापुढे बाईंना जाऊच दिले नाही. त्यांचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटे पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले. त्यात गोंगाटावर एक अख्खे प्रकरण आहे. रुग्णाच्या दाराबाहेर उभे राहून कुजबुजणे हा त्यांच्या लेखी क्रूरपणा आहे, कारण आत पडलेला माणूस ते ऐकण्यासाठी कान ताणत राहतो. सळसळणारे रेशमी घोळदार झगे घालून शुश्रूषा करणाऱ्या बायकांवर तर त्या चांगल्याच घसरल्या आहेत. पण माझ्या दृष्टीने मोलाचा आहे तो झोपेविषयीचा परिच्छेद. त्यांचे निरीक्षण असे : निरोगी माणूस दिवसा झोपला तर त्याची रात्रीची झोप उडते, आजाऱ्याचे मात्र उलटे असते. तो जितका झोपेल तितकी त्याला अधिक झोप येते. पहिल्या झोपेतून त्याला जागे केलेत तर ती रात्र गेलीच म्हणून समजा. याचे कारण त्या देतात ते असे की, वेदना स्वतःला वाढवत नेते. तिच्यात थोडा खंड पाडता आला तर तेवढ्या वेळापुरताच आराम मिळतो असे नाही. ती पुन्हा येण्याचा संभव आणि तिचा जोर, दोन्ही कमी होतात.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. ‘थोडं सोसू द्या’ या उपदेशाचे खंडन दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते, आणि तेही कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे; रात्र रात्र खाटेशेजारी बसून.

नाइटिंगेलबाईंनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. त्याच शाळेत १९४० साली, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून बावीस वर्षांची एक उंच, लाजाळू मुलगी दाखल झाली. तिचे नाव सिसिली सॉन्डर्स. शिक्षण पुरे झाले, पण पाठीच्या दुखण्याने वॉर्डातली नोकरी झेपेना. मग तिने पदवी घेतली आणि रुग्णालयातच समाजसेविकेचे काम धरले. जन्मभर इतरांच्या वेदनांचा विचार करणाऱ्या या बाईची स्वतःची पाठ तिला सतत छळत होती, ही गोष्ट तिच्या चरित्रात ओझरती येते. मला ती ओझरती वाटत नाही.

१९४७ मध्ये तिची गाठ डेव्हिड टास्मा या रुग्णाशी पडली. वॉर्सातून आलेला पोलिश ज्यू, चाळिशीचा, हॉटेलात वाढप्याचे काम करणारा. लंडनमध्ये त्याचे जवळचे असे कोणी नव्हते. कर्करोगाने तो मरणाच्या वाटेवर होता. गजबजलेल्या वॉर्डात ती त्याच्याजवळ जाऊन बसे. अशा माणसांना मरताना थोडी शांतता मिळेल अशी जागा कशी असावी, यावर दोघे बोलत. १९४८ च्या फेब्रुवारीत तो गेला. जाताना त्याने तिच्या नावे पाचशे पौंड ठेवले आणि तुझ्या घरात मी खिडकी होऊन राहीन, असे सांगितले. ते घर उभे राहायला पुढे एकोणीस वर्षे लागली.

त्याच वर्षी सॉन्डर्स संध्याकाळी फावल्या वेळात सेंट ल्यूक्स नावाच्या एका धर्मादाय आश्रयस्थानात विनावेतन परिचारिका म्हणून जाऊ लागली. मरणोन्मुख गरिबांसाठी १८९३ मध्ये काढलेली ही संस्था. तिथे तिने जे पाहिले ते सेंट थॉमससारख्या नामांकित रुग्णालयात पाहिले नव्हते. तिथल्या सिस्टर रुग्णाला वेदना सुरू होण्याची वाट पाहतच नसत. मॉर्फिनची मात्रा घड्याळाप्रमाणे, दर चार तासांनी, बहुधा तोंडावाटे दिली जाई. रुग्ण मागो वा न मागो. ही रीत तिथे १९३० च्या दशकापासून चालू होती. कुठल्या वैद्यकीय नियतकालिकात तिचा गाजावाजा नव्हता. कामकरी बायकांनी अनुभवाने बसवलेली घडी होती ती.

यातली गोम समजून घेण्यासारखी आहे. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास राहतो. असर उतरेपर्यंत थांबले तर वेदना उसळते. तिच्यामागून भीती येते. भीतीने वेदना आणखी वाढते. मग तिला दाबायला मोठी मात्रा लागते, मोठ्या मात्रेने रुग्ण गुंगीत जातो आणि ती गुंगी बघून डॉक्टर म्हणतात, पाहिलंत, हे औषध किती धोक्याचे आहे! याउलट आधीची मात्रा उतरण्यापूर्वीच पुढची दिली तर थोडक्यात भागते आणि माणूस शुद्धीवर राहतो. बोलतो, जेवतो, पत्ते खेळतो. आणखी एक गोष्ट अशी की, दर वेळी औषध मागावे लागले तर दर वेळी आपल्या दुखण्याची आठवण करावी लागते, देणाऱ्याचे उपकार घ्यावे लागतात. सवय लागते ती या मागण्याची. न मागता वेळेवर मिळणाऱ्या औषधाची वाट कोण पाहणार?

सॉन्डर्सला हे उमगले होते, पण परिचारिकेचे ऐकतो कोण? नॉर्मन बॅरेट नावाच्या शल्यविशारदाने तिला सल्ला दिला की, आधी डॉक्टर हो. मरणाऱ्याला टाकून जातात ते डॉक्टरच. १९५१ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, ती वैद्यकाच्या पहिल्या वर्गात जाऊन बसली आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षापासून तिने लंडनच्या हॅकनी भागातील सेंट जोसेफ्स या आयरिश जोगिणींच्या आश्रयस्थानात काम सुरू केले.

इथे माझी खतावणी येते. जोगिणी मायेच्या होत्या, पण नोंदी यथातथाच होत्या. सॉन्डर्सने प्रत्येक रुग्णाचा तक्ता सुरू केला : कोणते औषध, किती, केव्हा, आणि त्यानंतर काय. घड्याळाप्रमाणे मात्रा देण्याची सेंट ल्यूक्सची रीत तिने इथे आणली. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी तिच्याजवळ जमल्या. त्या नोंदी बोलू लागल्या. मात्रा बेसुमार वाढत जाते हे खरे नव्हते. अनेकांना तीच मात्रा आठवडेच्या आठवडे पुरत होती. व्यसनाचा बागुलबुवाही दिसला नाही. दुखणे दुसऱ्या उपायाने कमी झाले तर औषध कमी करता येत होते. विशेष म्हणजे तिने हे सगळे आधी लिहिले ते परिचारिकांसाठी. १९५९ मध्ये ‘नर्सिंग टाइम्स’मध्ये तिचे सहा लेख ओळीने आले.

रुग्णांचे बोलणेही ती ध्वनिफितीवर टिपून ठेवी. कुठे दुखते असे विचारल्यावर एका बाईंनी सांगितले की, सुरुवात पाठीतून झाली, पण आता माझे सगळेच बिघडले आहे. मग त्या नवऱ्याविषयी, मुलाविषयी, मिळकत थांबल्याविषयी बोलू लागल्या. यातून सॉन्डर्सने ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली : शरीराची, मनाची, घरच्या काळजीची आणि ‘मलाच का’ या प्रश्नाची वेदना एकातच गुंतलेली असते. आपल्याकडे ‘जीव दुखतो’ म्हणतात, त्याचा अर्थ याहून वेगळा नाही.

१९६७ मध्ये लंडनच्या सिडनम भागात सेंट ख्रिस्तोफर्स उघडले. टास्माची खिडकी तिथे आहे. पुढे रॉबर्ट ट्वायक्रॉस हा तरुण डॉक्टर तिथे संशोधनासाठी आला. तोवर विलायतेत मॉर्फिन किंवा हेरॉइन, कोकेन, जिन आणि मध यांचे ‘ब्रॉम्प्टन मिश्रण’ प्रसिद्ध होते आणि हेरॉइन त्यात अधिक गुणकारी, असा पक्का समज होता. ट्वायक्रॉसने सुमारे सातशे रुग्णांवर तुलना केली. १९७७ मध्ये निष्कर्ष आला : नियमित आणि योग्य मात्रेत तोंडाने दिले तर साध्या मॉर्फिनचा गुण हेरॉइनइतकाच. हा शोध दिसतो त्याहून मोठा आहे. बहुतेक देशांत हेरॉइनला औषध म्हणूनही बंदी होती. आता साध्या मॉर्फिनच्या पाण्यावर कुठल्याही गरीब देशात काम भागणार होते. सेंट ख्रिस्तोफर्सच्या पद्धतीतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. रात्री दोन वाजता औषधासाठी रुग्णाला उठवावे लागू नये म्हणून झोपताना दुप्पट मात्रा देऊ लागले. पहिल्या झोपेविषयीचे नाइटिंगेलबाईंचे म्हणणे शंभर वर्षांनी औषधाच्या तक्त्यात उतरले ते असे.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेविषयी पुस्तिका काढली. औषध तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, पायरीपायरीने वाढवा, हे तिचे सार. सेंट ल्यूक्सच्या सिस्टरांची वहिवाट जगाचा नियम झाली.

आणि आपण? मॉर्फिन ज्या अफूतून निघते ती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. गाझीपूरचा अफूचा कारखाना १८२० पासूनचा. जगाच्या वेदनेवरचे औषध आपल्या शेतातून जाते. पण जागतिक पुस्तिका निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यात किमान दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद होती. कायद्याने मॉर्फिनला औषध म्हणून बंदी घातली नव्हती, पण निरनिराळ्या परवान्यांचे असे जंजाळ उभे राहिले की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. हा आकडा मी तीन ठिकाणी ताडून पाहिला, कारण माझा विश्वास बसेना.

याच काळात काही माणसे उलट्या दिशेने चालत होती, हेही सांगितले पाहिजे. १९८६ मध्ये मुंबईत टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. डिसोझा यांनी वांद्र्याला ‘शांती आवेदना’ हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू केले; पुढे गोव्यात लोटलीला त्याची शाखा निघाली. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचे काम उभे केले आणि ते खेडोपाडी घराघरांत नेले. परवान्यांचे जंजाळ तोडण्यासाठी झालेल्या दीर्घ खटपटीनंतर २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येऊ लागले.

आईला त्याचा उपयोग व्हायचा नव्हता. ती २००२ मध्ये गेली.

गेल्या वर्षी घर रंगवायला काढले तेव्हा ती दिनदर्शिका सापडली. बायको म्हणाली, "अहो, आता तरी टाकून द्या." मी ती घेऊन बसलो आणि सवयीप्रमाणे नोंदींची बेरीज-वजाबाकी केली. सप्टेंबरच्या मागच्या पानावर एका दिवसाच्या वेळा आहेत : सकाळी सव्वासहा, दुपारी पाऊण, रात्री साडेनऊ, पहाटे पाच. म्हणजे साडेसहा तास, पावणेनऊ तास, साडेसात तास. शेवटच्या नोंदीपुढे माझ्याच अक्षरात लिहिले आहे : ‘दोनपासून मागत होती.’