सगळी उत्तरं बरोबर, तरी नकार: कन्सल्टिंगच्या मुलाखतीत हुशार उमेदवार मागे का पडतात?

आयआयटीची पदवी, मग आयआयएममध्ये प्रवेश, मधे चांगल्या कंपनीतला दोन वर्षांचा अनुभव. असा बायोडेटा असलेल्या उमेदवाराला मॅकिन्झी, बीसीजी किंवा बेनसारख्या कन्सल्टिंग कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं येतं. कित्येक आठवडे तयारी होते. मुलाखत चांगली जाते, आकडेमोड बरोबर येते, मुलाखत घेणारा हसून निरोप देतो. आणि संध्याकाळी नकार येतो.

प्लेसमेंटच्या हंगामात हे दरवर्षी घडतं. नकार मिळालेल्या अनेकांचं एकही गणित चुकलेलं नसतं. त्यामुळेच आपलं नेमकं काय चुकलं हे त्यांना कळत नाही. मग ‘नशीब नव्हतं’ किंवा ‘आपली तेवढी लायकीच नाही’ अशा दोनपैकी एका टोकाला विचार जातो. खरं कारण बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधे असतं. ते काय असतं आणि त्यातलं किती उमेदवाराच्या हातात असतं, हे समजून घेऊ.

मुलाखतीत नेमकं काय तपासतात?

मॅनेजमेंट कन्सल्टिंग म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय. नफा का घटला, नव्या शहरात दुकानं उघडावीत का, एखादा कारखाना विकावा का, अशा प्रश्नांची उत्तरं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शोधायची आणि त्यासाठी मोठी फी घ्यायची. या क्षेत्रातली मॅकिन्झी १९२६ साली शिकागोत सुरू झाली. बीसीजी १९६३ साली आणि बेन १९७३ साली बॉस्टनमध्ये सुरू झाली. या तिघींना मिळून ‘एमबीबी’ म्हणतात.

या कामात नुकतीच शिकून बाहेर पडलेली व्यक्ती थोड्याच दिवसांत क्लायंटच्या ऑफिसात जाऊन बसते. समोरची माणसं तोच धंदा वीस-वीस वर्षं करत असतात. त्यांना तिचं म्हणणं पटावं लागतं. त्यामुळे मुलाखत घ्यायला बहुतेक वेळा एचआरचा माणूस नसतो, तर स्वतः कन्सल्टंट किंवा पार्टनर असतो. उमेदवाराला किती येतं यापेक्षा ‘याला पुढच्या आठवड्यात क्लायंटसमोर माझ्या शेजारी बसवता येईल का?’ हा प्रश्न त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचा असतो.

मुलाखतीचे साधारण दोन भाग असतात. एक म्हणजे ‘केस’, ज्यात धंद्यातली एखादी अडचण देऊन अर्ध्या-पाऊण तासात ती सोडवायला सांगतात. दुसरा भाग उमेदवाराच्या स्वतःच्या अनुभवाचा. हुशार उमेदवार दोन्हीकडे अडकू शकतात.

एक केस, दोन उमेदवार

समजा केस अशी आहे: एका शहरात मिठाईची दुकानं चालवणाऱ्या कंपनीची विक्री वर्षभरात २० टक्क्यांनी वाढली, पण नफा कमी झाला. काय करावं?

पहिला उमेदवार लगेच कागदावर चौकट आखतो. नफा म्हणजे विक्री वजा खर्च. विक्री म्हणजे किंमत गुणिले नग. खर्चाचे दोन भाग, कायमचा आणि बदलता. पुढे बाजारपेठ, स्पर्धक, ग्राहक. यात चूक काहीच नाही. पण हीच चौकट सिमेंट कंपनीला, विमान कंपनीला आणि हॉस्पिटललाही जशीच्या तशी लागू होते. मिठाईच्या दुकानाबद्दल त्याने अजून काहीच विचार केलेला नाही.

दुसरी उमेदवार आधी विचारते, ‘वाढलेली विक्री कुठून आली? काउंटरवरून की डिलिव्हरी ॲपवरून?’ मुलाखत घेणारा आकडे देतो. पूर्वी दिवसाला १,००० ऑर्डर यायच्या, ९०० काउंटरवर आणि १०० ॲपवर. आता १,२०० येतात, ७२० काउंटरवर आणि ४८० ॲपवर. सरासरी ऑर्डर ५०० रुपयांची. माल आणि मजुरीचा खर्च ३०० रुपये. ॲपचं कमिशन २५ टक्के, म्हणजे १२५ रुपये.

काउंटरवरच्या ऑर्डरमागे २०० रुपये सुटतात, ॲपवरच्या ऑर्डरमागे ७५ रुपये. पूर्वी दिवसाला एकूण १,८७,५०० रुपये सुटायचे, आता १,८०,००० सुटतात. विक्री ५ लाखांवरून ६ लाखांवर गेली, तरी हातात रोज साडेसात हजार कमी.

इथपर्यंत पहिला उमेदवारही उशिरा का होईना पोहोचतो. ‘उत्तर १,८०,०००’ असं सांगतो आणि थांबतो. दुसरी पुढे जाते. काउंटरवरच्या १८० ऑर्डर कमी झाल्या. त्या ॲपकडे वळल्या असं धरलं, तर प्रत्येकीमागे १२५ रुपये, म्हणजे रोज २२,५०० रुपये गेले. पण ॲपने २०० नव्या ऑर्डरही आणल्या, त्यातून १५,००० रुपये आले. म्हणजे ॲप बंद केलं तर ही नवी गिऱ्हाइकं हातची जातील. प्रश्न ॲपचा नसून जुनं गिऱ्हाईक ॲपवर गेल्याचा आहे. मग ॲपवरचे दर थोडे जास्त ठेवावेत का? दुकानात येणाऱ्याला काही सवलत द्यावी का? हे तपासायला हवं, असं ती सांगते.

दोघांचं गणित सारखंच बरोबर आहे. दुकानाच्या मालकाला उपयोग मात्र दुसरीच्या उत्तराचा होतो.

पाठांतर लगेच ओळखू येतं

केसच्या तयारीची पुस्तकं, व्हिडिओ आणि कोचिंग आता सहज मिळतं. मार्क कोसेन्टिनो यांचं ‘केस इन पॉइंट’ हे त्यातलं प्रसिद्ध पुस्तक. आयआयएमसारख्या संस्थांमध्ये सीनियर विद्यार्थी ज्युनियरांकडून डझनावारी केस सोडवून घेतात. तयारी गरजेचीच आहे. पण मेहनती विद्यार्थ्यांची एक अडचण इथेच सुरू होते. परीक्षेत हमखास उपयोगी पडलेली सवय, म्हणजे प्रश्नाचा प्रकार ओळखून त्याची ठरलेली पद्धत लावणं, ते इथेही वापरतात. मुलाखत घेणाऱ्याने तीच चौकट सकाळपासून चार जणांकडून ऐकलेली असते.

मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिन्टो यांच्या नावाशी ‘मीसी’ हे तत्त्व जोडलं जातं. प्रश्नाचे तुकडे असे करायचे की एक तुकडा दुसऱ्यावर चढू नये आणि कुठलीही बाजू सुटू नये. हे तत्त्व उमेदवारांना पाठ असतं. पण कोणता तुकडा आधी उघडायचा, हे तत्त्व सांगत नाही. तिथे समोरच्या धंद्याचा विचार करावा लागतो.

मिन्टो यांचं दुसरं सूत्र मात्र अनेक जण विसरतात: आधी निष्कर्ष सांगा, कारणं नंतर. शेवटी ‘कंपनीचे सीईओ लिफ्टमध्ये भेटले, काय सांगाल?’ असं विचारलं की हुशार उमेदवार पहिल्या पायरीपासून सगळं विश्लेषण सांगू लागतो. मेहनत दिसते, सल्ला दिसत नाही.

इशारा ऐकू येत नाही

मुलाखत घेणारा मधेच म्हणतो, ‘तुम्हाला खरंच वाटतं का खर्च हेच कारण असेल?’ हा बहुतेक वेळा मदतीचा हात असतो. पण आयुष्यभर पहिल्या नंबरात राहिलेल्या माणसाला तो हल्ला वाटतो. तो आपल्या मुद्द्याचा बचाव करतो किंवा एकदम घाबरून सगळंच सोडून देतो. ‘बरोबर आहे, या आकड्यांवरून माझा अंदाज चुकीचा दिसतोय, मी दुसरी बाजू बघतो’ असं शांतपणे म्हणणारे थोडे असतात. क्लायंटबरोबरच्या प्रत्येक बैठकीत हेच करावं लागणार असल्याने या एका क्षणाला मोठं वजन मिळतं.

गप्प राहण्याचंही तसंच. मनातल्या मनात पाच मिनिटं विचार करून थेट उत्तर देणाऱ्याचं डोकं कसं चालतं, हे समोरच्याला दिसत नाही. विचार करायला मिनिटभर मागून घेणं चालतं. त्यानंतर मात्र पायऱ्या बोलून दाखवाव्या लागतात.

‘आम्ही केलं’ म्हणजे कोणी केलं?

अनुभवाच्या भागात एखादा कठीण प्रसंग सांगायला लावतात. कोणाचं मन वळवलं, टीममधला वाद कसा मिटवला, अपयश आलं तेव्हा काय केलं. मग एकाच प्रसंगावर दहा-पंधरा मिनिटं प्रश्न येत राहतात. तो नेमकं काय म्हणाला? त्यावर तुम्ही काय म्हणालात? तसंच का?

इथे मराठी घरांत वाढलेल्यांना एक संस्कार आडवा येतो. ‘मी केलं’ म्हणणं आपल्याकडे आढ्यतेचं समजतात, म्हणून फेस्ट एकट्याने उभा केलेला विद्यार्थीही ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’ असं सांगतो. समोरच्याला त्याचा स्वतःचा वाटा कळत नाही आणि वहीत नोंदवण्यासारखं काही उरत नाही. बढाई न मारताही ‘स्पॉन्सर मागे हटला तेव्हा त्याला भेटायला मी गेलो’ इतकं साधं सांगता येतं.

चार मुलाखती चांगल्या, पाचवी साधारण

यापुढची कारणं उमेदवाराच्या हातातली नाहीत. एका उमेदवाराला अनेक जण भेटतात आणि नंतर एकत्र बसून मतं ताडून पाहतात. एखाद्याने ठाम नकार दिला तर बाकीच्यांची पसंती पुरेलच असं नाही.

आता साधा हिशेब करू. एक उमेदवार इतका तयार आहे की दहापैकी आठ मुलाखती उत्तम देतो. त्याच्या सलग पाच मुलाखती उत्तम जाण्याची शक्यता किती? ०.८ चा पाच वेळा गुणाकार केला तर साधारण ३३ टक्के. म्हणजे असे तीन तगडे उमेदवार घेतले तर दोघांची कुठे ना कुठे एक मुलाखत कमी पडणार. कॅम्पसवर या मुलाखती एकाच दिवशी, कधी दोन-तीन कंपन्यांच्या खोल्यांमध्ये धावपळ करत द्याव्या लागतात. शेवटच्या मुलाखतीपर्यंत डोकं थकलेलं असतं.

कंपनीचा हिशेबही वेगळा असतो. चुकीचा माणूस घेतला तर क्लायंटसमोर नाव खराब होतं. चांगला माणूस सुटला तर तितकाच चांगला दुसरा रांगेत उभा असतो. त्यामुळे शंका आली की नकार द्यायचा, हे कंपनीला परवडतं. या पद्धतीत काही चांगले लोक नाकारले जाणार, हे गृहीतच धरलेलं असतं.

‘आपल्यासारखा’ वाटणारा उमेदवार

लॉरेन रिव्हेरा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या बड्या बँका, लॉ फर्म आणि कन्सल्टिंग कंपन्यांत भरती करणाऱ्या सुमारे १२० जणांशी बोलून त्यांनी अभ्यास केला. तो २०१२ साली शोधनिबंध म्हणून आणि २०१५ साली ‘पेडिग्री’ या पुस्तकातून आला. निवड करणाऱ्यांना आपल्यासारखे छंद, आपल्यासारखे अनुभव आणि आपल्यासारखी बोलण्याची ढब असलेले उमेदवार जास्त भावतात, असं त्यात दिसलं. ‘फिट’ या शब्दात कौशल्याबरोबर ही आवडही मिसळलेली असते.

अभ्यास अमेरिकेचा आहे, पण मराठी माध्यमातून शिकून आयआयएम नागपूर किंवा आयआयएम मुंबईत पोहोचलेल्या मुलीला तो परका वाटणार नाही. मुलाखत इंग्रजीत असते. उच्चार कॉन्व्हेंटसारखे नसले तरी मुद्दा स्पष्ट असेल तर काम भागतं, पण विचार मराठीत आणि बोलणं इंग्रजीत अशी दुहेरी कसरत वेळ खाते. त्यावर उपाय म्हणजे इंग्रजी ‘सुधारणं’ नव्हे, तर केस मोठ्याने बोलून सोडवण्याचा सराव. छोटी वाक्यं, आधी निष्कर्ष, मग दोन कारणं. मुलाखतीआधीच्या गप्पांत गोल्फ किंवा युरोपच्या सहलीचा विषय निघाला, तर तिथे मागे पडणं हा मात्र तिचा दोष नाही.

नकारानंतर काय?

शक्य असेल तर फीडबॅक मागावा. काही कंपन्या तो थोडक्यात देतात. ‘स्ट्रक्चर’ कमी पडलं असं सांगितलं तर बहुधा पाठ केलेली चौकट हे कारण असतं. ‘सिंथेसिस’ म्हटलं तर आकडे आले, अर्थ आला नाही. ‘प्रेझेन्स’ म्हटलं तर बोलण्यातला आत्मविश्वास किंवा इशाऱ्यावरची प्रतिक्रिया तपासावी. फीडबॅक मिळालाच नाही, तर मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी आठवेल ते सगळं लिहून काढावं आणि एखाद्या सीनियरला दाखवावं.

बहुतेक कंपन्या साधारण एक ते दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करू देतात. दुसऱ्या क्षेत्रात काम करून नंतर कन्सल्टिंगमध्ये येणारेही बरेच असतात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होणार असेल तर वाट बघणं सोपं नसतं. त्यामुळे कॅम्पसवर फक्त कन्सल्टिंगची तयारी न करता दुसऱ्या एखाद्या क्षेत्राच्या मुलाखतींसाठीही सुरुवातीपासून वेळ राखून ठेवणं शहाणपणाचं ठरतं.