शमादानं सरळ करा!

डिसेंबर १७५४. पॅरिसमधल्या सेंत-ऑनोरे रस्त्यावर तुम्ही उभे आहात आणि बुटांची पार वाट लागली आहे. रस्त्याच्या मधोमध गटार वाहतंय, फुटपाथ नावाची चीज नाही. बग्गी आली की भिंतीला चिकटायचं. समोरचं दुकान लाझार द्युव्होचं. शिरा आत.

द्युव्हो स्वतः काहीच बनवत नाही. त्याच्या व्यापारी संघाच्या नियमात ते बसतच नाही. पण सुताराकडचं लाकूड, ओतकाम करणाऱ्याकडचं ब्रॉन्झ, व्हँसेनच्या कारखान्यातली चिनी मातीची फुलं आणि जहाजातून आलेला पूर्वेकडचा माल यांची मोट बांधतो तो हाच. राजाची मैत्रीण मादाम द पोंपादूर त्याचं मोठं गिऱ्हाईक. त्याच्या रोजकीर्दीत तिचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

कोपऱ्यातलं ते खणांचं बुटकं कपाट बघा. दर्शनी बाजू पोट सुटल्यासारखी पुढे आली आहे आणि त्या पोटावर काळ्या चकचकीत लॅकरमध्ये सोनेरी डोंगर, पाइनची झाडं. हे चित्र जपानमध्ये सपाट फळीवर काढलं होतं. इथल्या कारागिराने ती फळी करवतीने कापली, मागून रंधा मारत मारत चित्रापाठीमागे लाकडाचा जेमतेम पापुद्रा ठेवला आणि तो या फुगवट्यावर बसवला. रंधा एकदा जास्त फिरला असता तर जपानहून आलेला माल भुशात जमा! आता कडेच्या सोनेरी वेलीवरून बोट फिरवा. तिच्याखाली सांधा लपलाय, आणि कपाट हलवताना कोपरा ठेचला जाऊ नये ही जबाबदारीही तिचीच. या वळणदार शैलीला, म्हणजे रोकोकोला, उठसूट नखरेल म्हणणाऱ्यांनी एकदा तरी हा सांधा बघावा.

वरचं संगमरवर उचलायला दोघे लागतील, पण उचलाच. खाली लाकडावर चार अक्षरांचा शिक्का आहे: बीव्हीआरबी. बर्नार्ड व्हान रिझनबर्ग. या अक्षरांमागचा माणूस लोक विसरून जाणार आहेत. त्याचा पत्ता लागायला १९५७ साल उजाडेल.

ती वेल सोनेरी कशी झाली, ते बघायला मुलामेवाल्याकडे चला. नाकाला रुमाल लावा. उपयोग होणार नाही, तरी लावा. सोनं पाऱ्यात कालवून त्याचं लोण्यासारखं मऊ लुकण केलंय. ते ब्रॉन्झवर फासायचं आणि कोळशाच्या आचेवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं चिकटून राहतं. उडालेला पारा जातो कुठे, हे त्या कारागिराच्या हातांची थरथर आणि हलणारे दात सांगतात.

संध्याकाळी ओतेल द सुबीझ या हवेलीत. वास्तुकार बोफ्रांने १७३०च्या दशकात सजवलेलं सुबीझच्या प्रिन्सेसचं हे दालन लंबगोल आहे, त्यामुळे खोलीला कोपराच नाही. भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झालं, ते शोधून दाखवा! मधल्या वळणांवर नात्वारने रंगवलेली सायकीच्या गोष्टीतली आठ चित्रं आहेत, त्यांच्याभोवती पांढऱ्यावर सोनेरी जाळी, मध्ये आरसे. मेणबत्त्या लावल्या आहेत. ज्योत हलली की सोनं हलतं, आरशात पुन्हा हलतं. विजेच्या स्थिर दिव्यात हीच खोली तुम्हाला मिठाईच्या दुकानासारखी वाटली असती. या शैलीची निम्मी बदनामी चुकीच्या उजेडामुळे झाली असावी, असं मला वाटतं. आणि खोलीचा आकार बघा. व्हर्सायच्या दरबारी दालनांत माणूस उभा राहून दिसण्यासाठी असतो. इथे खुर्च्या जवळ ओढून गप्पा मारता येतात.

पण ‘मर्क्यूर द फ्रांस’ मासिकाचा या महिन्याचा अंक चाळा. शार्ल-निकोला कोशँ या नामांकित खोदचित्रकाराने सोनारांना कोपरापासून हात जोडलेत. शमादानं सरळ करा, एखाद्या दुष्टाने वाकवल्यासारखी करू नका. मेण पकडणारी बशी मेण सांडणारी नसावी. भांड्याच्या झाकणावर खराखुरा वाटावा एवढा आर्टिचोक घडवलात, तर शेजारी बोटाएवढा ससा बसवू नका!

गंमत पुढेच आहे. हा कोशँ इटलीला जाऊन आला तो पोंपादूरच्या भावाबरोबर. राजाच्या इमारतींचं खातं भावाकडे यायचं होतं, म्हणून प्राचीन कला बघून नजर तयार व्हावी यासाठी बाईंनीच त्याला १७४९ मध्ये तिकडे धाडलं होतं. आता खातं त्याच्याकडे आहे आणि नजर सरळ खांबांवर गेली आहे. बहीण द्युव्होकडची वळणं विकत घेतेय, भावाचा सोबती त्याच वळणांची टर उडवतोय. दहा-पंधरा वर्षांत सरळ रेषा जिंकणार आहे.

तेव्हा घ्यायचं असेल तर कपाट घ्या. शमादानाच्या बाबतीत मात्र कोशँचं ऐका: विकत घेण्याआधी मेणबत्ती पेटवून बघा, बशीत मेण राहतंय की टेबलावर येतंय.