पेन्शन: मेहेरबानी, मोबदला आणि तारखेची रेघ



आज आपल्यासमोर निवृत्त शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, आरोग्य खात्यातल्या भगिनी आहेत, एसटीतून निवृत्त झालेली मंडळी आहेत. लिंबागणेशसारख्या गावात पेन्शन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेसमोरची रांग बघितली की तो आपोआप कळतो. पण एक प्रश्न आम्हाला फार दिवसांपासून खुणावतो आहे. पेन्शन मिळायला कोण पात्र, हे ठरवतं कोण? आणि कशाच्या आधारावर? आम्ही मुळात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. कायद्याची पोथी वाचताना आमचं लक्ष कलमापेक्षा त्यामागच्या युक्तिवादाकडे जातं. तेव्हा आज आपण पेन्शनच्या भांडणांचा इतिहास त्या अंगाने बघू.

सुरुवात थोडी लांबून करतो. मराठी माणसाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली पेन्शन कुठली? दुसऱ्या बाजीरावाची. जून 1818 मध्ये बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला वर्षाला 8 लाख रुपये ठरले आणि त्याची रवानगी ब्रह्मावर्ताला झाली. जानेवारी 1851 मध्ये तो वारला. दत्तक पुत्र नानासाहेबाने म्हटले, ही रक्कम आता आम्हाला चालू ठेवा. डलहौसीच्या सरकारने सांगितले, ती बाजीरावाच्या हयातीपुरती होती, तुमचा हक्क नाही. नानासाहेबाने लंडनला कंपनीच्या संचालकांकडे दाद मागितली, अजीमुल्ला खानाला तिकडे पाठवले, हाती काही लागले नाही. पुढे 1857 मध्ये काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे.

आता बाजीराव हा काही कुणाचा कर्मचारी नव्हता. पण वादाचा सांगाडा बघा. एक कागद आहे. त्यातल्या शब्दांचा अर्थ दोन बाजू दोन प्रकारे लावतात. आणि अर्थ कोण ठरवणार, तर ज्याला पैसे द्यायचे आहेत तोच! तिसरा कुणी नाही. ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली त्याच्याकडेच न्यायाचा तराजू. या अवस्थेला आम्ही मेहेरबानीचा काळ म्हणतो.

ही अवस्था इंग्रजांनी कायद्यात पक्की केली. 1871 चा पेन्शन कायदा, म्हणजे त्या वर्षाचा 23 वा अधिनियम. सरकारने किंवा आधीच्या राजवटीने दिलेल्या पेन्शनबद्दल दिवाणी कोर्टाने दावा ऐकू नये, असे त्याचे चौथे कलम सांगते. ऐकायचाच असेल तर कलेक्टरचा दाखला आणा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच माणसाची परवानगी! मात्र त्याच कायद्याचे अकरावे कलम म्हणते की सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येणार नाही. सावकारापासून संरक्षण होते, सरकारपासून नव्हते. हा फरक लक्षात ठेवा.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट थोडी वेगळी. आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथे पेन्शनला वजिफा म्हणत आणि निवृत्त माणसाला वजिफायाब. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. आता विचार करा, बीडच्या कचेरीतला एखादा कारकून. त्याने खुर्ची बदलली नाही, टेबल बदलले नाही, पण बारा वर्षांत त्याच्या डोक्यावरचे सरकार तीनदा बदलले. त्याच्या जुन्या सेवेचे काय?

याचे उत्तर 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमात आहे. पुनर्रचनेआधी लागू असलेल्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कर्मचाऱ्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत, असे ते कलम सांगते. आम्हाला हे कलम फार महत्त्वाचे वाटते. कारण त्यात एक तत्त्व आहे: राज्य बदलले तरी दिलेला शब्द बदलत नाही. डलहौसी नेमके हेच मानायला तयार नव्हता.

यानंतर दोन निकाल येतात. पहिला 1971 चा, देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य. प्रसाद हे बिहारच्या शिक्षण खात्यातले. सरकारने त्यांची सेवाच संपली असे धरले आणि पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची देणगी नाही, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. अधिकाऱ्याने आदेश काढला म्हणून हक्क जन्माला येत नाही. हक्क नियमांमुळे असतो, आदेश फक्त आकडा ठरवतो.

दुसरा निकाल 17 डिसेंबर 1982 चा, डी. एस. नाकरा विरुद्ध भारत सरकार. पेन्शनर मंडळी हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर ही आपल्याकडची दोन माणसे त्यात होती. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी.

वाद काय होता? केंद्र सरकारने मे 1979 मध्ये पेन्शनचे सूत्र सुधारले. पूर्वी शेवटच्या 36 महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत, ती 10 महिन्यांची केली. साहजिकच पेन्शन वाढली. पण फायदा कुणाला? 31 मार्च 1979 ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. म्हणजे 30 मार्चला निवृत्त झालेला माणूस बाहेर, 31 मार्चचा आत. काम तेच, हुद्दा तोच, बाजारातली ज्वारी दोघांना त्याच भावाने. न्यायालयाने विचारले, या तारखेमागे कारण काय? राज्यघटनेचे 14 वे कलम वर्गीकरणाला परवानगी देते, पण त्या वर्गीकरणाचा उद्देशाशी संबंध हवा. महागाईत म्हाताऱ्या माणसाला आधार देणे हा उद्देश असेल, तर आधी म्हातारा झालेला माणूस वगळायचा कसा? तारखेची अट काढून टाकली गेली. मात्र वाढीव रक्कम 1 एप्रिल 1979 पासूनच मिळाली, त्याआधीची थकबाकी नाही.

इथे कुणी म्हणेल, मग कुठलीच तारीख चालणार नाही का? तसं नाही. 1990 मध्ये कृष्णकुमार प्रकरणात न्यायालयानेच नाकरा निकालाला मर्यादा घातली. रेल्वेतल्या ज्यांनी पेन्शनऐवजी भविष्य निर्वाह निधीचा पर्याय घेतला होता, ते वेगळ्या वर्गातले, असे सांगितले. आणि तत्त्वज्ञानातही हा जुनाच प्रश्न आहे. धान्याच्या राशीतून एकेक दाणा काढत गेलो तर रास कधी संपते? कुठे तरी रेघ मारावीच लागते. रेघ मारली म्हणून ती अन्याय्य होत नाही. खरा प्रश्न असा: ही रेघ कुठल्या घटनेवर मारली, आणि ती घटना कुणाच्या हातात होती?

हा प्रश्न हातात घेऊन आता आपण 1 नोव्हेंबर 2005 कडे येऊ. या सभागृहात बहुतेकांना ही तारीख स्वतःच्या जन्मतारखेइतकी पाठ असेल. या दिवशी किंवा नंतर राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्यांना 1982 चे निवृत्तिवेतन नियम लागू नाहीत, त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना. केंद्राने हेच 1 जानेवारी 2004 पासून केले होते. जुन्या पद्धतीत पूर्ण सेवा झालेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मे, त्यावर महागाई भत्ता. नव्यात पगारातून 10 टक्के कपात, सरकारचा तेवढाच वाटा, जो पुढे 14 टक्के झाला, आणि शेवटी बाजार जे देईल ते. जुन्यात निकाल निश्चित, नव्यात फक्त हप्ता निश्चित.

योजना चांगली की वाईट, हा आज आपला विषय नाही. तारीख कशावर टांगली हा विषय आहे. ती टांगली रुजू होण्यावर. आता समजा, एकाच जाहिरातीतून, एकाच निवड यादीतून दोघे जण निवडले गेले. एकाला आदेश ऑक्टोबर 2005 मध्ये मिळाला, दुसऱ्याची फाईल टेबलावर पडून राहिली आणि तो डिसेंबरमध्ये रुजू झाला. एकाला जुनी पेन्शन, दुसऱ्याला नाही. नाकरामधले दोघे निदान आपापल्या वयामुळे रेघेच्या अलीकडे-पलीकडे गेले होते. इथे माणूस पलीकडे गेला तो कचेरीच्या विलंबामुळे. आणि त्या विलंबाचा फायदा कुणाला? विलंब करणाऱ्यालाच. स्वतःच्या दिरंगाईचा लाभ स्वतःला घेता येऊ नये, हे तर न्यायाचे अगदी प्राथमिक तत्त्व.

केंद्रीय दलांतले कर्मचारी हाच मुद्दा घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जिंकत गेले. अखेर 3 मार्च 2023 रोजी केंद्राने आदेश काढला. नव्या योजनेची अधिसूचना 22 डिसेंबर 2003 ची. तिच्याआधी ज्या पदांची जाहिरात निघाली होती, त्यांना एकदाच जुन्या पेन्शनचा पर्याय. महाराष्ट्रात त्याच महिन्यात, 14 ते 20 मार्च, मोठा संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा आपणही ऐकली असेल, काहींनी दिलीही असेल. आणि 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने राज्यातही ते झाले: जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची आणि रुजू नंतर, अशांना पर्याय.

लक्षात आलं का, काय बदललं? तारीख तीच राहिली. तिची खुंटी बदलली. रुजू होण्यावरून काढून ती जाहिरातीवर टांगली. जाहिरात म्हणजे सरकारने जाहीरपणे दिलेला शब्द. त्या शब्दावर विसंबून माणसाने अर्ज केला, दुसरी वाट सोडली.

पण सगळे प्रश्न सुटले नाहीत. आपल्या भागात खासगी संस्थांच्या माध्यमिक शाळा पुष्कळ. शिक्षक 2005 च्या आधीचा, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले. शासन म्हणते, पूर्ण अनुदान आले तेव्हापासून तुमचा भार आमच्यावर, त्याआधीचे तुमचे आणि संस्थेचे बघा. शिक्षक म्हणतो, मान्यता शासनाची, अभ्यासक्रम शासनाचा, माझ्या नेमणुकीला मंजुरी शिक्षणाधिकाऱ्याची, मग मी शासनाला परका कसा? शासनाच्या बाजूलाही तर्क आहे, ते आपण मान्य करू: ज्याला पगार दिला नाही त्याच्या म्हातारपणाची हमी कुठल्या पैशातून द्यायची? पण आपली कसोटी लावून बघा. अनुदान कधी द्यायचे, हे कुणाच्या हातात होते? शिक्षकाच्या तर नक्कीच नव्हते.

एसटीचे कर्मचारी तर आणखी बाहेर. सरकारी महामंडळ, पण पेन्शन 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली. तिचे सूत्र सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगाराची मर्यादा 15 हजार धरली, तर 35 वर्षे गाडी हाकूनही साडेसात हजार. 2021-22 च्या संपात विलीनीकरणाची मागणी इतकी तीव्र का होती, ते या हिशोबावरून कळते. आणि त्याही पलीकडे आपल्या जिल्ह्यातला ऊसतोड कामगार. त्याला ना सेवापुस्तक, ना तारीख. म्हातारपणी संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळाले तर मिळाले. पेन्शनचा हक्क मागणाऱ्या प्रत्येकाने त्याची आठवण ठेवावी, असे आम्हाला वाटते. हक्काची भाषा फक्त आपल्यापुरती वापरली तर ती पुन्हा मेहेरबानीची भाषा होते.

आता शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे सगळे खटले कागदावर लढले गेले. जाहिरातीचे कात्रण, निवड यादी, नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, मंजुरीचे पत्र, सेवापुस्तकाची प्रत. तरुण कर्मचाऱ्यांनी हे आजच घरात एका ठिकाणी ठेवावे. नानासाहेबाकडे वकील होता, पैसा होता, लंडनला जाण्याची ताकद होती, पण दाद मागायला न्यायालय नव्हते. आपल्याकडे संभाजीनगरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि घटनेचे 226 वे कलम आहे. दीडशे वर्षांत एवढे अंतर आपण चाललो. ते कुणी दान दिलेले नाही. एकेका कर्मचाऱ्याने, बहुधा निवृत्तीच्या वयात, कोर्टाच्या पायऱ्या चढून ते मिळवले आहे.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.