चौकटीतला प्रेक्षक : रॅप-चित्रफितीच्या दृश्यशैलीचा इतिहास आणि एक पद्धतिविषयक प्रश्न

माध्यम-अभ्यासाच्या विद्यार्थ्याला रॅपगीताची चित्रफीत तयार करावयाची असते, तेव्हा चित्रीकरणापूर्वी त्याने दोन गोष्टींचे संशोधन करावे अशी अपेक्षा असते : आपला प्रेक्षक कोण आणि आपली दृश्यशैली कोणती. इंग्लंडमधील ए-लेव्हल स्तरावरील माध्यम-अभ्यासात ही पद्धत विशेष रूढ झाली. विद्यार्थी प्रश्नावली काढतो आणि वय, लिंग, आवडीनिवडी यांचे तक्ते मांडतो. मग गाजलेल्या चित्रफिती पाहून त्यांतील संकेतांची यादी करतो. गल्ली, भिंतींवरील रंगलेखन, भोवती उभा असलेला मित्रांचा जथा, खालच्या कोनातून टिपलेला चेहरा. पहिल्या यादीतून प्रेक्षक हाती येतो, दुसरीतून शैली. आणि दुसरी पहिल्याला साजेशी आहे एवढे दाखवले की संशोधन पुरे झाले असे मानले जाते.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे. प्रेक्षक हा कृतीच्या आधी आणि कृतीच्या बाहेर सिद्ध असतो, शैली म्हणजे त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन, असे ते गृहीतक. साहित्यसमीक्षेने ते फार पूर्वीच संशयास्पद ठरवले आहे. वोल्फगांग इझर यांच्या ‘अभिप्रेत वाचका’ची संकल्पना किंवा स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेली संकेतन-विसंकेतनाची मीमांसा ज्यांना परिचित आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. परंतु रॅप-चित्रफितीच्या बाबतीत केवळ या सिद्धान्तांचा हवाला देऊन भागत नाही. या प्रकारात प्रेक्षक हा संहितेत नुसता अनुस्यूत नसतो. तो सदेह चौकटीत उभा असतो. चौकटीतला हा समूह आणि पडद्यासमोर बसलेला समूह यांच्यातील बदलत्या संबंधाचा इतिहास म्हणजेच रॅप-चित्रफितीच्या दृश्यशैलीचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

आरंभ चित्रफितीपूर्वीच्या काळापासून करावा लागतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेज्विक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, कूल हर्क या डीजेने वाजवलेली मेजवानी ही हिप-हॉपची जन्मवेळ म्हणून सांगितली जाते. ती तारीख प्रतीकात्मक मानली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : नाचणाऱ्यांना साद घालणे आणि त्यांचा प्रतिसाद झेलणे हेच निवेदकाचे मूळ काम होते. समूह हा या कलेचा ग्राहक नव्हता, घटक होता. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि रॅप ही घरबसल्या विकत घेऊन ऐकण्याची वस्तू झाली. आवाज उरला, समूह गळला. पुढे चित्रफितीवर जी जबाबदारी येऊन पडली, ती या गळलेल्या समूहाला परत आणण्याची होती.

१९८२ मधील ‘द मेसेज’ची चित्रफीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरिअस फाइव्हचे कलावंत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे आहेत. मधूनमधून शहराची वृत्तपटासारखी दृश्ये येतात. शेवटी पोलिसांची गाडी येते आणि नाक्यावर उभ्या असलेल्या या तरुणांना पकडले जाते. येथे रस्ता ही आवडीने निवडलेली ‘पार्श्वभूमी’ नाही. गीत ज्या जीवनाविषयी आहे तेच जीवन तेथे उभे आहे. आजचा विद्यार्थी ज्याला संकेत म्हणून यादीत टिपतो, तो तेव्हा संकेत नव्हता. ते वास्तव्याचे ठिकाण होते.

मात्र ही चित्रफीत दाखवणार कोण, हा प्रश्न होताच. १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एमटीव्हीने स्वतःला रॉक-संगीताची वाहिनी म्हणून घडवले होते आणि कृष्णवर्णीय कलावंतांना तीत फारसे स्थान नव्हते. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी यांनी याच वाहिनीवरील मुलाखतीत मुलाखतकारालाच त्याबद्दल जाब विचारला होता. १९८४ मध्ये रन-डीएमसीच्या ‘रॉक बॉक्स’ने ही कोंडी फोडली, एमटीव्हीवर दाखवली गेलेली पहिली रॅप-चित्रफीत म्हणून तिचा उल्लेख होतो. तिची रचना सूचक आहे. आरंभी इर्विन कोरी हे विनोदी नट प्राध्यापकाच्या थाटात भाषण करतात. नंतर क्लबमधील गर्दीतून एक लहानसा गोरा मुलगा या कलावंतांच्या मागेमागे फिरत राहतो. ज्या प्रेक्षकाने ही चित्रफीत पाहावी अशी इच्छा होती, तोच निर्मात्यांनी चौकटीत आणून ठेवला होता. घरोघरच्या पडद्यांसमोर बसलेल्या गोऱ्या मुलांना स्वतःची जागा दाखवून देणारा तो मुलगा होता. १९८६ च्या ‘वॉक धिस वे’मध्ये हेच रूपक भिंतीचे झाले. शेजारशेजारच्या खोल्यांत तालीम करणाऱ्या दोन गटांमधील भिंत एरोस्मिथचा गायक फोडतो, आणि पुढे रन-डीएमसी रॉक-संगीताच्या मंचावर, रॉकच्या श्रोत्यांपुढे, घुसते. प्रवेश मिळाला, पण ज्यांच्यापुढे गायचे तो चौकटीतला समूह दुसऱ्याचा होता.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये एक निराळी परंपरा आकार घेत होती. राल्फ मॅकडॅनियल्स यांचा ‘व्हिडिओ म्युझिक बॉक्स’ हा कार्यक्रम डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक दूरचित्रवाणी-केंद्रावरून दाखवला जाई. त्यात चित्रफितींबरोबर शहरातील मेजवान्या आणि मैफली असत, आणि तेथे जमलेली सामान्य माणसे कॅमेऱ्यासमोर येऊन आपल्या मित्रांची, आपल्या वस्तीची नावे पुकारत. घरी बसलेला प्रेक्षक दुसऱ्या दिवशी पडद्यावर असू शकत होता. ऑगस्ट १९८८ मध्ये ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ सुरू झाला, तेव्हा त्याचे सूत्रसंचालक फॅब फाइव्ह फ्रेडी कलावंतांना अनेकदा त्यांच्याच वस्तीत जाऊन भेटत. वस्तीची ही दृश्यभाषा आता देशभर पोहोचू लागली.

तिचा सर्वांत जाणीवपूर्वक झालेला आविष्कार १९८९ मधील ‘फाइट द पॉवर’मध्ये दिसतो. पब्लिक एनिमीच्या या गीताची चित्रफीत स्पाइक ली यांनी ब्रुकलिनच्या रस्त्यावर मोर्चा काढून चित्रित केली. आरंभी १९६३ च्या वॉशिंग्टन-मोर्चाची वृत्तचित्रे आहेत. मग वर्तमानातला, कृष्णवर्णीय नेत्यांच्या तसबिरी उंचावणारा जमाव येतो. हा जमाव गायकांच्या मागची शोभा नाही. चित्रफीत पाहणाऱ्याने त्यात सामील व्हावे की न व्हावे, एवढाच प्रश्न ती शिल्लक ठेवते. ट्रिशिया रोज यांनी ‘ब्लॅक नॉइझ’ (१९९४) या ग्रंथात, रॅपरला त्याच्या परिसरात आणि सवंगड्यांत उभे करणे हे रॅप-चित्रफितीचे केंद्रवर्ती सूत्र असल्याचे दाखवले आहे. त्याला येथे एवढेच जोडायचे की, परिसर दाखवणे म्हणजे आपण कोणासमोर बोलत आहोत हे दाखवणे होय.

पुढे हा संबंध पालटला. मे १९९१ पासून ‘बिलबोर्ड’ने ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीची गणना दुकानदारांच्या तोंडी अहवालांऐवजी साउंडस्कॅनच्या यांत्रिक नोंदींवरून करण्यास आरंभ केला, आणि पुढच्याच महिन्यात एन.डब्ल्यू.ए.चा संग्रह यादीच्या अग्रस्थानी पोहोचला. रॅपचा ग्राहकवर्ग समजला जात होता त्याहून कितीतरी विस्तृत आहे, हे धंद्याला कळून चुकले. ग्राहक वाढला की चौकटीही श्रीमंत होतात. हाइप विल्यम्स यांनी दिग्दर्शित केलेल्या मिसी एलियट यांच्या ‘द रेन’ (१९९७) मध्ये फुगवलेला काळा पोशाख आणि मत्स्यनेत्री भिंगाने फुगलेला अवकाश दिसतो. सवंगडी आहेत, पण ते पाहुणे कलावंत म्हणून, वस्ती नाही. कल्पकतेत ही चित्रफीत कोणाहून कमी नाही. उलट कृष्णवर्णीय स्त्रीदेहाविषयीच्या रूढ अपेक्षांना ती ज्या खेळकरपणे हुलकावणी देते, ते केवळ वस्तीच्या वास्तववादाने साधले नसते. म्हणून समूहाचे चौकटीतून जाणे हा सरळसरळ ऱ्हास मानता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. चौकटीतला समूह हा प्रथमपासूनच बाजारासाठी मांडलेले नेपथ्य नव्हता कशावरून? ‘रॉक बॉक्स’मधला मुलगा तर उघडच विक्रीच्या हिशोबाने आला होता. आक्षेपात तथ्य आहे, पण तो मूळ मुद्द्याला बळकटीच देतो. समूह खरा की मांडलेला, याचा निर्णय एकट्या चौकटीकडे पाहून होत नाही. ती कोणी, कोठे, कोणासाठी दाखवली हे पाहावे लागते. मुंबईतील उदाहरण बोलके आहे. डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ (२०१५) च्या चित्रफितीत गल्लीतील मुले गीताची पहिली श्रोते म्हणून उभी आहेत. तेच गीत २०१९ मध्ये झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ चित्रपटात नव्या रूपात आले, तेव्हा गल्ली कथानायकाच्या उत्कर्षाची पायरी झाली. शब्द पुष्कळसे तेच, गल्लीही तशीच. बदलला तो गल्ली आणि प्रेक्षागृह यांच्यातील करार.

विद्यार्थ्याच्या संशोधनाला यातून काय लाभावे? प्रश्नावली टाकून द्यावी असे नाही. परंतु चित्रफिती पाहताना ‘येथे कोणते संकेत आहेत’ एवढेच न विचारता ‘येथे कोण ऐकत उभे आहे, आणि त्यांना कोण पाहत आहे’ असे विचारावे. ज्या वस्तीत आपण राहत नाही तिची भिंत मागे उभी करताना आपण संकेत उचलत नसून कोणाच्या तरी श्रोत्यांना उसने आणत आहोत, याचे भान त्यामुळे येईल. वर्गातले मित्र, वसतिगृहाची गच्ची, बसथांबा, असा आपला खरा पहिला श्रोतृवर्ग चौकटीत आणण्याचे धैर्य ज्याला होईल, त्याच्या चित्रफितीत रूढ यादीतील एकही खूण कदाचित आढळणार नाही. तरीही १९८२ च्या त्या नाक्याशी तिचे नाते यादी पुरी करणाऱ्या चित्रफितीपेक्षा अधिक जवळचे असेल.