मान वळवायची गोष्ट

गेल्या दिवाळीत नांदेडच्या घरी एक प्रकार झाला. संध्याकाळची वेळ, मी कॉम्प्युटरवर विमान उडवत होतो. अर्धा तास पाठलाग करून शत्रूचं विमान एकदाचं समोर आलं, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या पायलटने मान वर करून आकाशाकडे बघायला सुरुवात केली. मी खाली बघतोय, हा वर. मी डावीकडे, हा परत वर. सगळ्या सेटिंग्ज उपसल्या, केबल बदलली, ड्रायव्हर परत टाकला. शेवटी मागे वळून बघितलं तर आजीने देवघरात समई लावली होती.

समईचा आणि विमानाचा संबंध काय? सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, म्हणजे चांगलं शंभर वर्षं.

पहिल्या महायुद्धातल्या पायलटांचे फोटो बघा, गळ्यात रेशमी स्कार्फ असतोच. मला बरेच दिवस वाटायचं की ही स्टाईल आहे. तसं नाही. मागून कोण येतंय हे बघायला ही मंडळी सतत मान फिरवत असत आणि जाड कॉलरला घासून मान सोलवटून निघायची. म्हणून रेशीम. ज्याची नजर शत्रूवरून सुटली तो गेला, हा हवाई लढाईचा पहिला नियम तेव्हापासूनचा आहे.

कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरचं दुखणं इथेच आहे. विमान हुबेहूब, इंजिनाचा आवाज हुबेहूब, पण मान कुठाय? स्क्रीन समोरच राहते. जुन्या गेम्समध्ये जॉयस्टिकवरच्या छोट्या बटणाने आठ दिशांना बघता यायचं, म्हणजे मान नव्हे, गिअरच. १९९८ च्या फाल्कन ४.० मध्ये 'पॅडलॉक' होतं: एक बटण दाबा, नजर शत्रूला चिकटते. सोयीचं, पण मग आपण कुठे तोंड करून उडतोय हेच कळत नाही आणि थोड्या वेळात आपण जमिनीत.

मग हेड ट्रॅकिंग आलं. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नॅचरलपॉइंट कंपनीचं ट्रॅकआयआर सगळ्यात गाजलं. कल्पना साधी आहे. टोपीवर तीन ठिपके, समोर इन्फ्रारेड बघणारा कॅमेरा. तीन ठिपक्यांची आपसातली अंतरं माहीत असली की कॅमेऱ्यात ते कसे दिसतात त्यावरून डोकं किती वळलं, किती झुकलं, पुढे आलं की मागे गेलं हे सगळं काढता येतं. एकूण सहा अक्ष. दहावीची भूमिती, फक्त सेकंदाला एकशे वीस वेळा.

ते विकत घ्यायचं तर मराठवाड्यातल्या माणसाचं मन धजत नाही :) मी टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसले तीन एलईडी टोपीच्या कडेला तारेच्या चौकटीवर बसवले, एक रेझिस्टर लावून यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालवले. जुना वेबकॅम उघडून त्यातली इन्फ्रारेड अडवणारी काच काढली. आता उलटं करायचं होतं, साधा उजेड अडवून फक्त इन्फ्रारेड आत घ्यायचा. त्यासाठी वजिराबादेतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडून जुन्या रंगीत निगेटिव्हचा काळा तुकडा मागून आणला. ("निगेटिव्ह? कशाला पाहिजे बाबा आता?") ओपनट्रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. झालं.

आता समईचा उलगडा. ज्योत नुसता पिवळा उजेड देत नाही, भरपूर इन्फ्रारेडही देते. कॅमेऱ्याला तीनाऐवजी चार ठिपके दिसले, त्यातला एक देवघरात. बिचाऱ्या सॉफ्टवेअरने गणित केलं आणि माझं डोकं छताकडे वळलंय असा निष्कर्ष काढला.

खरी मेहनत पुढेच असते. मान खरोखर नव्वद अंश वळवली तर स्क्रीनच दिसणार नाही. म्हणून डोकं वीस-पंचवीस अंश वळलं की पायलटचं सव्वाशे-दीडशे वळलं पाहिजे. पण सरळ गुणाकार केला तर श्वास घेतला तरी दृश्य थरथरतं. मग वक्ररेषा आखायची: मधोमध जवळजवळ सपाट, म्हणजे निशाणा साधताना नजर स्थिर, आणि कडेला एकदम चढती. त्यावर गाळणी, म्हणजे फिल्टर. जास्त लावला तर दृश्य गुळासारखं चिकट हलतं, कमी लावला तर डोकं दुखतं. मला दोन शनिवार-रविवार लागले. तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप थांबला, कारण मान वळवतोय हे विसरायला झालं होतं. जमलं की असं होतं.

आता गंमत ऐका. हेच तंत्र खऱ्या लढाऊ विमानात आपल्या पुण्यात १९८७ पासून होतं. विमाननगरला ऑफिस असलेल्यांनी कॉल चालू असताना लोहगावच्या जेटच्या आवाजाला शिव्या घातल्याच असतील. तिथल्या २८ नंबरच्या स्क्वाड्रनला त्या वर्षी मिग-२९ मिळाली. सोव्हिएत संघाबाहेर हे विमान सगळ्यात आधी घेणारा देश आपणच. त्या विमानाबरोबर श्चेल नावाचं हेल्मेट यायचं: हेल्मेटवर इन्फ्रारेड दिवे, समोर काचेच्या दोन्ही बाजूंना ते बघणारे सेन्सर. माझी टोपीच की ही! फरक इतकाच की पायलट ज्याच्याकडे बघेल त्याच्याकडे आर-७३ क्षेपणास्त्राचं डोकंही वळायचं, विमानाच्या नाकाच्या रेषेपासून पंचेचाळीसेक अंशांपर्यंत. १९९० मध्ये जर्मनी एक झाली, पूर्व जर्मनीची मिग-२९ पश्चिमेच्या हाती आली आणि सरावाच्या लढाया झाल्या, तेव्हा जवळच्या लढाईत हे हेल्मेट किती भारी पडतं ते नाटोवाल्यांना कळलं. त्यांचं असंच हेल्मेट सर्रास वापरात यायला नवं शतक उजाडलं. असो.

या सगळ्यात लातूर कुठे आलं? आलं ना, सिडनी कॉटनमुळे. हा ऑस्ट्रेलियन पायलट १९३९ मध्ये, युद्ध सुरू व्हायच्या जरा आधी, ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी जर्मनीवरून लॉकहीड विमान उडवत चोरून फोटो काढायचा. पायलटला सरळ खाली बघता येत नाही ही त्याची अडचण. म्हणून त्याने विमानाला पाण्याच्या थेंबासारख्या बाहेर फुगलेल्या खिडक्या बसवल्या. डोकं त्यात घाला आणि थेट खाली बघा. पुढे फोटो काढणाऱ्या स्पिटफायरलाही तशा खिडक्या लागल्या.

हाच कॉटन १९४८ मध्ये निजामासाठी शस्त्रं वाहत होता. कराचीहून लँकास्ट्रियन विमानं भरून रात्री हैदराबाद संस्थानात उतरवायची. नंतर ब्रिटनमध्ये त्याला यासाठी दंड झाला, फक्त दोनशे पौंड. नकाशावर कराची ते बीदर सरळ रेष ओढून बघा, ती लातूरच्या अगदी जवळून जाते. मी बघितली तेव्हा मला झोप लागली नाही, कारण माझे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते आणि त्यांचं गाव उमरग्याच्या पुढं, हैदराबाद रस्त्यापासून कोसभर आत.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली. भारताच्या टेम्पेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी उमरग्याला मुक्काम केलेली फौज राजेश्वरकडे निघायची होती. वाटेत दबा धरून बसायची ठिकाणं हवाई पाहणीत दिसली होती, म्हणून टेम्पेस्ट बोलावली आणि रस्ता मोकळा करून घेतला. निजामाकडे त्यांना अडवणारं एकही लढाऊ विमान नव्हतं. म्हणजे या पायलटांना मागे वळून बघायची गरज नव्हती. त्यांना फक्त खाली बघायचं होतं.

मला वाटलं, हे उडवून बघावं. आयएल-२ मध्ये टेम्पेस्ट आहे, फक्त मार्क फाइव्ह. आपल्याकडची मार्क टू, नाक वेगळं. मराठवाड्याचा नकाशा अर्थातच नाही. जर्मनीतल्या राइनलँडवर एक सरळ रस्ता निवडला, वीसेक ट्रक ठेवले, एका ओढ्याला मांजरा म्हटलं आणि निघालो.

टेम्पेस्टची छत बुडबुड्यासारखी, चहूकडे दिसतं. पण खाली पंख आणि पुढे लांब नाक. रस्ता बघायचा तर पंख कलवून मान डावीकडे टाकावी लागते. तीनशे मीटरवरून ट्रक दिसतात. त्याच्या शेजारी कोण आहे ते नाही दिसत. मान कितीही वळवा, नाही दिसत.

तेवढ्यात आजोबा खोलीत आले. "काय बघायलास रे मान वाकडी करून?"

मी सांगितलं. ते शेजारी बसले आणि आजवर कधी न सांगितलेलं सांगू लागले. ज्वारी डोक्याएवढी झाली होती. आवाज आला तसं सगळे ज्वारीत पालथे पडले. त्यांनी तेवढी मान वर केली. विमान कलतं झालं होतं. "मला वाटलं, त्यानं बघितलं माझ्याकडं."

आम्ही शाळेत दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून घरी यायचो, मुक्तिसंग्राम म्हणजे रझाकार, त्यांचे जुलूम आणि पाच दिवसांत विजय. जुलूम खरेच होते, आजोबांच्या गावानेही भोगले. पण पाच दिवसांनंतरचं कुणी शिकवलं नाही. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे लिहिले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. माझी दोन्ही गावं त्या यादीत. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या गल्लीत पिंजाऱ्याचं घर होतं." पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी टोपी मागितली. मी ती त्यांच्या डोक्यावर बसवली, विमान माझ्या हातात ठेवलं. ते डावीकडे वळले, पंखावरून खाली बघत राहिले. ट्रक, रस्ता, शेतं.

"इथून माणूस कळतो का?"

"नाही आबा."

"अजून खाली घे."

घेतलं. शंभर मीटर, मग पन्नास. झाडं हिरव्या पट्ट्यासारखी पळायला लागली, आता तर काहीच कळेना. त्यांनी टोपी काढून ठेवली आणि पाणी मागितलं.

त्यांच्यासाठी मी वेगळी वक्ररेषा करून ठेवली आहे, आणखी चढती. सत्त्याऐंशीव्या वर्षी मान दहा अंशांच्या पुढे वळत नाही. आणि समई लागायच्या आधी बसायचं, असं ठरलंय.