कौटुंबिक हिंसाकर्त्यांसोबतचे काम : जळगाव व धुळे

घरातल्या स्त्रीवर हात उचलणाऱ्या, तिला धाकात ठेवणाऱ्या पुरुषाने ते थांबवावे म्हणून प्रशिक्षित माणसांनी त्याच्याबरोबर, बहुधा गटात आणि ठरावीक मुदतीत केलेले काम. ही शिक्षा नव्हे, नवरा-बायकोतला समेट नव्हे आणि व्यसनमुक्तीचा उपचारही नव्हे. या तिन्हींशी त्याचा संबंध येतो, पण तिन्हींपैकी एकाचीही जागा ते घेऊ शकत नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या 'इमर्ज' संस्थेने १९७७ मध्ये आणि मिनेसोटा राज्यातील डुलूथ शहराने १९८१ मध्ये या कामाला आकार दिला. महाराष्ट्रात पुरुषांशी बोलण्याचे प्रयत्न स्त्रीचळवळीच्या कडेने उभे राहिले. मुंबईत १९९३ मध्ये हरीश सदानी आणि सहकाऱ्यांनी 'मावा' ही पुरुषांची संघटना स्थापली. पुण्यात नारी समता मंचाने २००८ मध्ये पुरुष संवाद केंद्र सुरू केले. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत, राज्याच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणेच, मारणारा नवरा येतो तो बहुतेक 'समुपदेशना'ला. हे समुपदेशन यशस्वी झाले की नाही, हे बाई नांदायला परत गेली की नाही यावरून ठरते. कामातला मूळ दोष या मोजमापात आहे. तो तसाच ठेवून बैठकांची संख्या वाढवली, समुपदेशक जास्त नेमले किंवा पुस्तिका छापल्या, तरी हाती फारसे काही लागणार नाही.

हे जिल्हे ज्या खानदेशात येतात, त्याला या विषयाचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो बॉस्टनपेक्षा जुना आहे. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेला शहादा तालुका १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. तिथे अंबरसिंग सुरतवंती यांनी जागवलेल्या भिल्ल समाजातून १९७२ मध्ये शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण त्यात पुढे असलेल्या बायकांनी लवकरच घरातला प्रश्न संघटनेपुढे ठेवला. त्या गावोगाव जाऊन दारूच्या गुत्त्यांत शिरल्या आणि मडकी फोडली. एखादीने नवऱ्याने मारल्याचे सांगितले की बाकीच्या जमत, त्या नवऱ्याला चोप देत आणि बायकोची चारचौघांत माफी मागायला लावत, अशी नोंद राधा कुमार यांनी भारतीय स्त्रीचळवळीच्या इतिहासात केली आहे. चोप देणे हा आज कुणी कार्यक्रमाचा भाग करणार नाही, करूही नये. मार खाल्लेला माणूस मारणे चूक आहे हे शिकत नाही, कोणासमोर मारू नये एवढेच शिकतो. तरीही त्या पद्धतीत एक शहाणपण होते, जे नंतरच्या सरकारी व्यवस्थेत हरवले. 'का मारलेस' हा प्रश्न तिथे चर्चेला नव्हताच. भाजीत मीठ जास्त पडले होते की ती न सांगता माहेरी गेली होती, याचा निवाडा करायला त्या बायका जमत नसत. शिवाय, माफी मागून प्रकरण मिटत नसे, कारण माफी ऐकणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशीही त्याच वस्तीत, त्याच शेतात त्याच्या नजरेसमोर असत. नवऱ्याचे वागणे बदलले का, हे त्या रोज पाहत होत्या आणि ज्या बाईला मार बसला होता तिच्याकडूनच ऐकत होत्या. माफीपेक्षा ही नजर जास्त परिणामकारक असणार.

'का मारलेस' हा प्रश्न चर्चेला घ्यायचा नाही, हे कायद्यानेही सांगितले आहे, फक्त ते फारसे वाचले जात नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आणि त्याखालचे नियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाले. अधिनियमाच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी प्रतिवादीला एकट्याला किंवा दोघांना एकत्र समुपदेशनासाठी पाठवू शकतात. नियम १४ म्हणतो की केलेल्या हिंसेचे समर्थन करणारे कोणतेही कारण प्रतिवादीला समुपदेशनात मांडता येणार नाही, आणि ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वीच त्याला सांगितली पाहिजे. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमीही त्याने द्यायची आहे. इतका स्पष्ट नियम जगात फार ठिकाणी सापडणार नाही. प्रत्यक्षात मात्र बैठकीची सुरुवातच 'दोन्ही बाजू ऐकून घेऊ' अशी होते. दोन्ही बाजू ऐकणे भाऊबंदांतल्या बांधाच्या भांडणात योग्य आहे. तोंड सुजलेल्या बाईसमोर बसून ते करणे म्हणजे मारण्याला कारण असू शकते हे मान्य करूनच कामाला लागणे. शेवटी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले जाते, दोघांच्या सह्या होतात, ती सासरी जाते आणि प्रकरण निकाली निघते.

या घाईची कारणे माणसांच्या वृत्तीत कमी आणि व्यवस्थेच्या रचनेत जास्त आहेत. कलम १४ खाली समुपदेशनाला पाठवल्यावर पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत ठेवावी लागते. ही मुदत स्त्रीचा अर्ज रेंगाळू नये म्हणून आहे आणि ती तशीच असावी. पण वर्तन बदलण्याच्या कामाला ती पुरत नाही. कॅलिफोर्नियात परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सोडलेल्या दोषी पुरुषाला ५२ आठवड्यांचा कार्यक्रम कायद्याने पूर्ण करावा लागतो. दुसरे कारण तडजोडीला मिळणारे बक्षीस. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातली भांडणे गावातच मिटवण्याला प्रतिष्ठा आणि रोख पुरस्कार दिला. शेतीच्या वादांत तिचा उपयोग झाला असेल. घरातल्या मारहाणीत मात्र 'मिटलेला तंटा' म्हणजे बहुधा गप्प बसलेली बाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती केवळ १४ टक्क्यांनी. जी बाई कार्यालयाची पायरी चढते ती आधीच पुष्कळ काही सोसून आलेली असते. तिला पहिल्याच बैठकीत परत पाठवणे याला कार्यक्रम म्हणता येत नाही.

असे कार्यक्रम मुळात चालतात का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर उत्साहवर्धक नाही. फ्लोरिडातील ब्रोवर्ड काउंटीत दोषी पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाला परिवीक्षेबरोबर २६ आठवड्यांचा कार्यक्रम दिला आणि दुसऱ्याला नुसती परिवीक्षा. दोन्ही गटांच्या पुढच्या वागण्यात फरक दिसला नाही. ज्युलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परिणाम निघाला तोही लहानच. याउलट इंग्लंडमधल्या 'मिराबल' प्रकल्पात (२०१५) स्त्रियांना विचारले असता, चापट मारणे, ढकलणे, वस्तू फेकून मारणे असे प्रकार कार्यक्रमापूर्वी ८७ टक्के जणींनी सांगितले होते, वर्षभराने ७ टक्क्यांनी. शस्त्र वापरण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून शून्यावर आले. पैसा अडवणे, मैत्रिणींना भेटू न देणे अशी नियंत्रणे मात्र तितकी घटली नाहीत. हे निष्कर्ष एकमेकांना खोडतात असे वरवर वाटते. परंतु मिराबलमध्ये तपासलेले कार्यक्रम एका मानकाने बांधलेले होते: पुरुषाबरोबर काम सुरू होताच त्याच्या पत्नीसाठी स्वतंत्र मदतनीस असणे त्यांना सक्तीचे होते. एडवर्ड गोंडॉल्फ यांनी अमेरिकेतल्या चार शहरांचा दीर्घ अभ्यास करून मांडलेला मुद्दाही या दिशेचाच आहे. गटात काय शिकवले जाते याइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व गट सोडून जाणाऱ्याला पुढे काय भोगावे लागते याला असते. मिराबलची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे त्याचे आकडे ब्रोवर्डच्या तोडीचा पुरावा नाहीत, हे आक्षेपकांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र त्यातून निष्कर्ष निघतो तो काम बंद करावे असा नाही. नुसता पुरुषांचा गट निरुपयोगी आहे एवढाच निघतो.

खानदेशात सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप वेगळाच आहे: दारू बंद करा, मार आपोआप बंद होईल. शहाद्याच्या बायकांनी मडकी फोडली, पुढे राज्यभर गावांनी मतदान करून बाटली आडवी केली, ती याच अनुभवातून. संबंध खराच आहे. वरील सर्वेक्षणात नवरा वारंवार झिंगणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सांगितली. पण न पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांतही हे प्रमाण २३ टक्के होते, आणि ते दारूबंदीने हलणार नाही. गोव्यातील अभय नाडकर्णी, विक्रम पटेल यांच्या चमूने २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे विचारात घेण्यासारखा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या, अति पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी थोड्या बैठका दिल्या. तीन महिन्यांनी मागच्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेले ४२ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १८ टक्के. पत्नीवरील हिंसेत मात्र फरक पडला नाही. दारूचा उपचार द्यावाच, शेजारी द्यावा. त्याला हिंसेवरचा उपचार म्हणून खपवू नये. पिणारा माणूस साहेबाला मारत नाही, सावकाराला मारत नाही, घरी येऊनच मारतो, एवढे निरीक्षण कोणत्याही वस्तीत करता येते.

कार्यक्रम इथल्या मातीत कसा बसेल याची उत्तरे बाहेरून येणार नाहीत. अमळनेर-पारोळा-साक्रीकडे अहिराणी, भुसावळ-यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली अशा बोली असताना पुस्तकी मराठीतला गट पहिल्याच दिवशी शाळा वाटेल, आणि बरेच पुरुष शाळेतून एकदा पळालेलेच आहेत. कापूस वेचणीच्या महिन्यांत गावातला मजूर दिवसा सापडत नाही. सुरतेला कामाला गेलेला तर सणावारालाच येतो. म्हणून बैठका संध्याकाळी किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याला घ्याव्यात. गट एक पुरुष आणि एक स्त्री यांनी मिळून चालवावा, कारण बाईने वाद घातला तर पुरुष कसा ऐकतो याचे तिथे प्रात्यक्षिकच होते. पुरुषांशी गावपातळीवर बोलता येते याला राज्यातच आधार आहे: ग्रामीण महाराष्ट्रातील 'चार्म' या प्रयोगात गावच्याच पुरुष आरोग्यसेवकांनी नवऱ्यांच्या दोन बैठका आणि जोडप्याची एक अशा तीनच बैठका घेतल्या, तरी १८ महिन्यांनी स्त्रियांनी सांगितलेली लैंगिक हिंसा तुलनेने कमी होती. तो कुटुंबनियोजनाचा उपक्रम होता, सिद्ध हिंसाकर्त्यांचा नव्हे. तेवढी मर्यादा धरूनच तो वापरावा. आणखी एक गोष्ट परदेशी आराखड्यांत फारशी आढळत नाही. इथे मारणारा एकटा नवरा नसतो; सासू, दीर, नणंद यांचा हात किंवा मूक संमती असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हरसोरा प्रकरणात प्रतिवादीच्या व्याख्येतील 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकल्यापासून घरातल्या स्त्रियांवरही अर्ज करता येतो. त्यामुळे सासूशी बोलणे हा कामाचा भाग असला पाहिजे, पण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या खोलीत.

स्त्रियांच्या निवाऱ्याला पैसा नसताना मारणाऱ्यांवर खर्च कशाला, हा स्त्रीसंघटनांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्याला उत्तर खर्चाच्या क्रमात आहे: स्त्रियांना एकाच छताखाली मदत देणारे सखी केंद्र, २००५ च्या अधिनियमाखालचा संरक्षण अधिकारी आणि निवारा धड चालत नसेल त्या तालुक्यात पुरुषांचा गट सुरूच करू नये. पण बरीचशी बायका-मुले त्याच घरात राहणार आहेत, आणि ज्या बाहेर पडतात त्यांच्या जागी पुष्कळदा दुसरी येते. त्या माणसाला कुणी काहीच न विचारता सोडून देणे स्वस्त पडते, असे म्हणता येत नाही. कार्यक्रमाचा दाखला दाखवून नवरे खटल्यातून सुटतील ही भीतीही खरी आहे. म्हणून हजेरीच्या दाखल्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ च्या (छळाच्या) खटल्यात किंवा पोटगीत कोणतीही सूट जोडू नये. उलट बाजूने 'खोट्या तक्रारी' हा मुद्दा येतो. तक्रार खरी की खोटी हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. गटात पाठवायचे ते न्यायदंडाधिकाऱ्याने संरक्षण आदेश दिल्यावर किंवा गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ खालच्या अटींद्वारे, म्हणजे हा वाद मिटलेलाच असतो. संरक्षण आदेश मोडला तर २००५ च्या अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन बैठका चुकवणाऱ्याची माहिती त्याच आठवड्यात संरक्षण अधिकाऱ्याला आणि त्या स्त्रीला मिळाली, तरच या कलमाला धार येते.

माणसे अगदीच नाहीत असे नाही. जळगाव, अमळनेर आणि धुळ्याजवळचे मोराणे येथे समाजकार्याची महाविद्यालये आहेत, दोन्ही जिल्ह्यांत विधी सेवा प्राधिकरण आहे, पोलिसांचे महिला कक्ष आहेत. पण सगळ्यात आधी बदलायचा आहे तो कार्यालयातल्या नोंदवहीचा नमुना. त्यात 'समेट झाला / न झाला' हा रकाना आहे तोवर समुपदेशक समेटच करणार. त्याऐवजी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नवऱ्याला न कळवता, ती सासरी असो वा माहेरी, तिच्या सोयीच्या जागी आणि वेळी विचारलेले तिचे उत्तर लिहिण्याचा रकाना हवा: या काळात मार, धमकी किंवा पैशाची अडवणूक झाली का. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या महिला व बालविकास कार्यालयांनी हा रकाना पुढच्या आर्थिक वर्षापासून सुरू करावा.